तालुक्याच्या गावी जुन्या गाण्यांचे रेडिओ केंद्र कसे चालवावे

लहान गावात जुन्या गाण्यांचे रेडिओ केंद्र काढायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाणी आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत, मग तुमचे केंद्र ऐकणार कोण? या प्रश्नाचे उत्तर पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात सापडते. कापूस वेचणाऱ्या बाईचे दोन्ही हात बोंडांत गुंतलेले असतात आणि कमरेच्या ओटीत कापूस भरत असतो. तिच्या खिशातल्या मोबाइलमध्ये हजार गाणी असली तरी दर चार मिनिटांनी हात पुसून पुढचे गाणे शोधणे तिला शक्य नसते. ते गाणे कोणीतरी तिच्यासाठी निवडून ठेवलेले असावे लागते, आणि ही निवड हेच अशा केंद्राचे खरे काम आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सामुदायिक केंद्राची गाण्यांची यादी मी काही वर्षे सांभाळतो आहे. त्यामुळे पुढील मार्गदर्शनात यंत्रांपेक्षा यादीला अधिक जागा मिळाली आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

परवाना कोणता आणि कोणाला

खासगी एफएम वाहिनीचा परवाना शासकीय लिलावातून मिळतो आणि तो खर्च तालुक्याच्या गावाला झेपणारा नसतो. त्यामुळे सामुदायिक रेडिओ हाच मार्ग उरतो. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्यानंतर २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे व कृषी विद्यापीठे यांना अशी केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. व्यक्ती, राजकीय पक्ष आणि नफ्यासाठी चालणारी कंपनी यांना हा परवाना मिळत नाही. संस्था अर्ज करणार असेल तर तिची नोंदणी किमान तीन वर्षांची असावी लागते आणि तिने त्या परिसरात केलेले काम दाखवावे लागते. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर भरायचा असतो, तर लहरींचा परवाना दूरसंचार विभागाकडून वेगळा घ्यावा लागतो. २०२४ च्या सुधारित धोरणानुसार शासनाशी होणारा करार प्रारंभी १० वर्षांचा असतो.

अर्ज भरण्यापूर्वी दोन अटी नीट समजून घ्याव्यात, कारण जुन्या गाण्यांचे केंद्र काढणारा माणूस नेमका त्यांकडेच दुर्लक्ष करतो. पहिली अट अशी की निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तिथेच तयार झालेले असले पाहिजेत. संगणकाला यादी लावून देऊन दिवसभर नुसती गाणी सोडणारे केंद्र या अटीत बसत नाही. दुसरी अट बातम्यांची आहे. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा पुनःप्रसारित करता येतात. हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षा, प्रवेश, स्थानिक क्रीडा व सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती बातमीत धरली जात नाही, ती खुशाल द्यावी. पहिल्या अटीचा मला प्रारंभी जाच वाटे. आता वाटत नाही, कारण गाण्यांच्या मधली गावची जागा याच अटीमुळे राखली जाते आणि मोबाइलमधल्या यादीला तेवढीच एक गोष्ट जमत नाही.

मनोरा, खोली आणि विदर्भाचे ऊन

सामुदायिक केंद्राला साधारणपणे ५० वॉटचा ट्रान्समीटर आणि १०० वॉटपर्यंतची प्रभावी प्रसारणशक्ती (अँटेनाने एकवटून बाहेर फेकलेली शक्ती) मंजूर होते. अँटेनाची उंची जमिनीपासून १५ ते ३० मीटरच्या दरम्यान ठेवावी लागते. काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात एवढ्या शक्तीत दहा-बारा किलोमीटरचा परिसर चांगला व्यापतो. मध्ये टेकडी आली की मात्र तिच्या पलीकडची वस्ती सुटते, कारण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. मनोऱ्याची जागा नक्की करण्यापूर्वी परिसरातली उंच जागा, पाण्याची टाकी आणि टेकड्या कागदावर मांडून पाहाव्यात. प्रसारण सुरू झाल्यावर एकाने साधा रेडिओ घेऊन मोटारसायकलने प्रत्येक रस्त्याने जावे आणि कोणत्या किलोमीटरच्या दगडापाशी खरखर सुरू होते ते वहीत लिहावे. जाहिरातदाराला ही वही नकाशापेक्षा लवकर पटते.

प्रसारण स्टिरिओत (डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज वेगळा ठेवून) न करता मोनोत (सर्व आवाज एकत्र करून) करावे, असे माझे ठाम मत आहे. तेवढ्याच शक्तीत मोनो प्रसारण दूरवर अधिक स्वच्छ ऐकू येते. शिवाय साठच्या दशकापर्यंतची बहुतेक गाणी मुळात मोनोतच ध्वनिमुद्रित झालेली असल्यामुळे गमवायला काही नसते.

आमचे पहिल्या वर्षीचे मोठे नुकसान एका लहानशा जोडणीमुळे झाले. मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर आवाज अचानक क्षीण झाला आणि ट्रान्समीटर स्वतःहून शक्ती कमी करू लागला. आम्ही दोन दिवस यंत्र उघडून पाहत बसलो. दोष वर अँटेनापाशी होता. केबलच्या जोडावर गुंडाळलेली चिकटपट्टी उन्हाने तडकली होती आणि पाणी आत शिरले होते. तेव्हापासून आम्ही दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, ऊन उतरल्यावर, माणूस वर चढवून सर्व जोड नव्याने रबराच्या पट्टीने बंद करून घेतो. जोडाच्या खाली केबलला एक वळसा ठेवतो, म्हणजे ओघळलेले पाणी त्या वळशावरून टपकून जाते. वीज पडण्याचा धोका असल्यामुळे मनोऱ्याला तडितरोधक आणि स्वतंत्र अर्थिंग हवे. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग निकामी होते, म्हणून त्या खड्ड्यात पाणी ओतण्याचे काम कोणा एकाच्या नावावर लावून ठेवावे.

ध्वनिमुद्रणाची खोली टिनाच्या छपराखाली नसावी. पाऊस आला की तिथे बोलणे अशक्य होते, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की माणूसही बसू शकत नाही. आपल्याकडे उकाड्यावरचा पहिला उपाय म्हणजे कूलर. ट्रान्समीटरच्या खोलीत तो कधीही लावू नये. त्याची ओल यंत्रात शिरते आणि त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये. त्या एका खोलीला वातानुकूलन यंत्र घ्यावे आणि इतरत्र काटकसर करावी. भिंतींना महागडे फलक लावण्याऐवजी आम्ही पिंजाऱ्याकडून कापसाच्या जाड गाद्या भरून घेतल्या आणि लाकडी चौकटीत उभ्या बसवल्या. आवाजाचा घुमारा त्यांनी उत्तम शोषला. कापसाच्या जिल्ह्यात राहून अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवण्याची हौस कशाला करावी, हे मला कळलेले नाही, आणि त्यांचा तसा फारसा उपयोगही होत नाही.

यादी

आमच्या पहिल्या यादीत तीन हजारांहून अधिक गाणी होती आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. सहा महिन्यांनी आठवडी बाजारात उभे राहून लोकांना विचारले, तेव्हा निम्म्या लोकांचे म्हणणे एकच होते, की तुमच्याकडे ओळखीचे गाणे क्वचितच लागते. तीन हजार गाण्यांत लोकांच्या जिव्हाळ्याची जी पाच-सहाशे असतात ती हरवून जातात आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला अनोळखी गाणीच अधिक येतात. जुन्या गाण्यांच्या केंद्राकडे माणूस येतो तो ओळख पटावी म्हणून. म्हणून यादी ६०० गाण्यांच्या आसपास ठेवावी आणि संग्राहकाची हौस आठवड्यातल्या एका वेगळ्या कार्यक्रमात भागवावी.

गाणी निवडताना संगणकासमोर न बसता लोकांसमोर बसावे. प्रत्येक गाण्याचे दहा-बारा सेकंदांचे तुकडे, तेही ध्रुवपदाचे, एका फोनमध्ये भरून घ्यावेत. एसटीच्या थांब्यावर, दळणाच्या गिरणीत, बचत गटाच्या बैठकीत ते ऐकवावेत आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत: ओळखता का, आवडते का, ऐकून कंटाळा आला आहे का. वय लिहून घ्यावे. माणसाला आपल्या पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या काळातली गाणी जवळची वाटतात, हे या वहीतून लगेच दिसते. त्यामुळे ज्यांना आपण श्रोते मानतो ते आज पंचावन्न वर्षांचे असतील तर त्यांची ‘जुनी गाणी’ पन्नासच्या दशकातली नसून ऐंशी-नव्वदच्या दशकांतली असतात. यादी करणारा स्वतः सत्तरीचा असला की हीच चूक होते.

विदर्भातली यादी मुंबई-पुण्याच्या यादीची नक्कल असता कामा नये. लता, रफी, किशोर, मुकेश असतीलच, मराठीत सुधीर फडके आणि आशा भोसलेही असतील. पण पहाटेच्या वेळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने आणि शेगावच्या गजानन महाराजांची पदे नसली तर आपल्याकडचे घर रेडिओ लावत नाही. १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्या भूमीत वामनदादा कर्डकांची आणि प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली भीमगीते केवळ एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांपुरती बाजूला काढून ठेवणे हा तर अपमान आहे, ती रोजच्या यादीत हवीत. सुरेश भट अमरावतीचे आणि वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, हे निवेदकाने त्यांचे गाणे लावताना सहज सांगावे, गावातल्या माणसाला ते आवडते. पूर्वेकडे, गडचिरोली-भंडाऱ्याच्या बाजूला केंद्र असेल तर झाडीपट्टीच्या नाटकांतली आणि दंडारीतली गाणी स्थानिक कलावंतांकडून ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. पोळ्याच्या झडत्या (सणाला मोठ्याने म्हणायची कवने), भुलाबाईची गाणी, गोंडी गीते यांचेही तसेच करावे. स्थानिक कार्यक्रमांची अट त्यातून आपोआप पुरी होते.

फाइल तपासणे हे कंटाळवाणे पण अटळ काम आहे. कॅसेटच्या काळात गाजलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेल्या कॅसेटी खेडोपाडी स्वस्तात विकल्या गेल्या, आणि आज संग्रहांत मूळ गाण्याच्या नावाने त्याच फाइली सापडतात. आम्ही अशा फाइलीचे एक गाणे लावले तेव्हा पाचच मिनिटांत एका पानटपरीवाल्याचा फोन आला: ‘‘भाऊ, हे मुकेशचं नोहे. कोनं गायलं हे?’’ प्रत्येक गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत कानाने ऐकून मगच यादीत घ्यावे. चाल किंचित वेगाने धावते का, सुरुवातीचे वाद्यसंगीत कापले गेले आहे का, आवाज एकाच बाजूने येतो का, हे पाहावे आणि सर्व फाइलींचा आवाज एका पातळीवर आणावा.

गाणे किती दिवसांनी फिरून यावे

आमचे प्रसारण रोज १२ तासांचे आहे आणि तासाला सरासरी १० गाणी लागतात, म्हणजे दिवसाला १२०. यादीचे तीन गट केले आहेत. सर्वांत लाडक्या गाण्यांचा पहिला गट तासाला पाच वेळा, दुसरा गट चार वेळा आणि क्वचित लावायच्या गाण्यांचा तिसरा गट एकदा येतो. पहिल्या गटात १२० गाणी ठेवली, तेव्हा एक गंमत झाली. दिवसाला त्या गटातली ६० गाणी लागत असल्यामुळे प्रत्येक गाणे बरोबर दोन दिवसांनी, त्याच तासाला, जवळजवळ त्याच मिनिटाला परत येऊ लागले. दूध घालायला डेअरीवर येणाऱ्या एका काकांनी ते ओळखले आणि पुढचे गाणे आधीच सांगून लोकांकडून चहा जिंकू लागले. आम्ही गटात सात गाणी वाढवली. १२७ ला ६० ने भाग जात नसल्यामुळे प्रत्येक फेरीत गाण्याची वेळ सरकत गेली आणि काकांचा चहा बंद झाला. दुसऱ्या गटात २८० आणि तिसऱ्यात २०० च्या आसपास गाणी आहेत. त्यामुळे दुसऱ्या गटातले गाणे सहा दिवसांनी आणि तिसऱ्यातले अडीच आठवड्यांनी फिरून येते.

याशिवाय दोन नियम पाळावेत. एका गायकाची दोन गाणी अर्ध्या तासाच्या आत येऊ नयेत. आणि दोन संथ, दुःखी गाणी लागोपाठ कधीही येऊ नयेत.

एक तास प्रत्यक्ष कसा भरतो ते वेचणीच्या दिवसांतल्या दुपारच्या एकच्या तासावरून पाहावे. एक वाजता वेळ सांगून सर्वांच्या ओठांवरचे एक द्वंद्वगीत लागते. त्या वेळी वावरात बाया झाडाखाली शिदोरी सोडत असतात. हातांना उसंत असल्यामुळे कानही मोकळे असतात, म्हणून बोलण्याचा सर्वांत मोठा भाग याच अर्ध्या तासात घ्यावा. एक-आठला कृषिपंपांच्या विजेची वेळ आणि बाजार समितीतले कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव सांगून होतात. एक-पंधराला गावातल्याच कोणाची तरी पाच मिनिटांची मुलाखत असते आणि तिच्या मागेपुढे दोन शांत गाणी असतात. दीड वाजता वेचणी पुन्हा सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून तिथून पुढे ठेक्याची गाणी, दोन गाण्यांमध्ये वीस सेकंदांपेक्षा कमी बोलणे आणि दोनदा दीड-दीड मिनिटाच्या जाहिराती. हाच तास मे महिन्यात वेगळा भरावा लागतो, कारण तेव्हा वावर रिकामे असते आणि माणसे घरात कूलरसमोर पडून असतात.

बोलणे

निवेदकाने वऱ्हाडीत बोलावे की प्रमाण मराठीत, यावर वाद घालू नये. माहिती देताना सर्वांना कळेल अशी स्वच्छ मराठी असावी, गप्पांत निवेदकाने आपल्या घरी बोलतो तसे बोलावे. वऱ्हाडी ही हसवण्यापुरती काढायची भाषा आहे, असा सूर लागला की गावातले लोक दुखावतात आणि ते बोलून दाखवत नाहीत, नुसता रेडिओ बंद करतात. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर बोलणे चालते, पण गायकाचा आवाज सुरू होण्यापूर्वी तोंड मिटलेच पाहिजे.

फर्माइशी आता पोस्टकार्डाऐवजी फोनवरच्या बोलक्या संदेशांतून येतात. पुष्कळांना गाण्याचे नाव ठाऊक नसते. ‘‘बाबू, मले थे पान्याचं गानं लावून दे ना गा, माह्या बापाच्या रेडिओवर लागे थे,’’ असा संदेश आला तर त्या बाईला फोन करून ते गुणगुणायला सांगावे आणि ते गुणगुणणे, तिची परवानगी घेऊन, गाण्याच्या आधी ऐकवावे. आमच्याकडे गाण्यांपेक्षा या गुणगुणण्याची वाट अधिक पाहिली जाते.

हक्क

गाणे जुने झाले म्हणजे फुकट झाले, हा समज महागात पडतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९७० साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण २०३० सरेपर्यंत संरक्षित आहे. ध्वनिमुद्रण मोकळे झाले तरी शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात, तेही कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ साली झाले, म्हणजे त्यांच्या रचना २०२८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ग. दि. माडगूळकरांचे निधन १९७७ चे, म्हणून त्यांच्या शब्दांसाठी २०३७ अखेरपर्यंत थांबावे लागेल. हक्कधारकांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्था आहेत: शब्द-चालींसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल. त्यांच्याशी किंवा थेट हक्कधारक कंपनीशी बोलणी करावीत. जुन्या एचएमव्हीचा संग्रह आज सारेगामाकडे आहे, त्यामुळे जुन्या यादीचा मोठा भाग तिथेच निघतो. यूट्यूबवरून उतरवलेली गाणी प्रसारणात वापरू नयेत, कारण तिथे ऐकण्याची मुभा म्हणजे प्रसारणाची परवानगी नव्हे. लोकगीते पारंपरिक असली तरी गाणाऱ्या बायांकडून लेखी संमती घ्यावी आणि शक्य तेवढे मानधन द्यावे.

पैसा आणि नोंदवही

२०२४ च्या धोरणाने जाहिरातींची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटे केली आणि शासकीय जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला, म्हणजे मिनिटाला ४४४ रुपये. १२ मिनिटे मिळतात म्हणून ती सर्व भरू नयेत. आम्ही सहाच्या पुढे जात नाही, कारण त्यानंतर गाणी लांब वाटायला लागतात, असे लोक म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्याचा अर्थ जाहिराती लांबल्या असाच असतो. कृषी सेवा केंद्र जून-जुलैत, सराफ आणि कापडवाला लग्नसराईत, शिकवणी वर्ग निकालानंतर जाहिरात देतात. श्रावण-भाद्रपदात हात आखडता असतो, त्या दिवसांचे वीजबिल आणि पगार उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवावेत.

प्रसारित झालेल्या सर्व कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्याच्या जोडीला रोजची गाण्यांची नोंद ठेवावी: वेळ, गाणे, गायक, गीतकार, संगीतकार, हक्कधारक कंपनी. स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हिशेब याच नोंदीवरून होतो. आम्ही संगणकातल्या नोंदीची रोज रात्री एक छापील प्रत काढून फाइलीला लावतो. एका पावसाळ्यात वीज कडाडून संगणकाची डिस्क गेली, तेव्हा त्या तिमाहीचा संपूर्ण हिशेब त्या फाइलीवरूनच पुन्हा मांडता आला.